सांडव्यातली जाळी

"बाबा, तिथे धरण नाहीये. फुटलंय ते," गाडी सुरू करताना मुलगी म्हणाली. "फुटलेलं धरण बघायला दीड तास जायचं?"

म्हटलं, न फुटलेली पुष्कळ बघितली.

लघुपाटबंधाऱ्यात माझी तेहेतीस वर्षं गेली. शाखा अभियंता म्हणून लागलो, उपअभियंता म्हणून सुटलो. मोठी धरणं वाट्याला आली नाहीत. आले ते पाझर तलाव, गावतळी आणि दहा-पंधरा मीटर उंचीचे मातीचे बांध, ज्यांची नावं शेजारच्या तालुक्यालाही ठाऊक नसतात. वर्षातून दोन पाहण्या, पावसाळ्याआधी एक आणि नंतर एक. नोकरीच्या पहिल्याच वर्षी माथ्यावर उभा राहून भरलेला तलाव न्याहाळत होतो, तर तिथला चौकीदार म्हणाला, "सायेब, पानी काय बघताय? ते कुनीबी बघतंय. खाली चला." खाली म्हणजे भरावाच्या कोरड्या बाजूला, पायथ्याशी. तिथे तो अनवाणी चालायचा. ओल डोळ्यांच्या आधी तळपायाला कळते, असं त्याचं म्हणणं. पुढे मीही नवीन पोरांना तेच सांगत आलो, बूट मात्र काढले नाहीत.

मला बघायचं होतं ते साउथ फोर्कचं धरण अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात, पिट्सबर्गच्या पूर्वेला ॲलेघेनीच्या डोंगरात आहे. 1964 सालापासून ती जागा राष्ट्रीय स्मारक आहे. दोन्ही टोकांचे भरावाचे तुकडे शाबूत आहेत, त्यांच्यावर गवत वाढलंय आणि मधलं सगळं गेलेलं. खिंडारातून नदी म्हणायला धजावणार नाही एवढा प्रवाह वाहतो, शेजारून आगगाडीचे रूळ जातात. वरच्या अंगाला जिथे तलाव होता तिथे आता घरं आहेत. मुलीने फोटो काढला आणि ती गाडीत जाऊन बसली. मी तिथे दोन तास होतो. धरणाचा छेद आम्ही ड्रॉइंगवर काढतो. प्रत्यक्षात तो कुणाच्या दृष्टीस पडू नये, एवढ्यासाठीच तर आमची नोकरी.

हे धरण कुणा हौशी माणसाने बांधलेलं नव्हतं. ते सरकारी काम होतं आणि चांगलं काम होतं. फिलाडेल्फिया ते पिट्सबर्ग असा कालव्यांचा आणि रुळांचा मिळून एक मार्ग राज्याने उभा केला होता. खालच्या खोऱ्यातल्या जॉन्सटाउन गावापासून पश्चिमेकडचा कालवा उन्हाळ्यात कोरडा पडायचा. त्याला पाणी पुरवायला गावाच्या वर 14 मैलांवर हा साठा योजला. 1830च्या दशकाअखेर काम सुरू झालं, पैसा संपला, पुन्हा सुरू झालं आणि 1850 नंतर कधी एकदाचं पुरं झालं. (हे वाचताना परकं काही वाटलं नाही.) उंची 72 फूट, लांबी 931 फूट. माती दोन-दोन फुटांच्या थरांनी टाकलेली, पाणी मारून बसवलेली, वर दगडाचं पिचिंग. एका अंगाला खडक फोडून काढलेला सांडवा. आणि तळाशी दगडी मोरीत दोन फूट व्यासाचे पाच बिडाचे नळ, ज्यांतून कालव्याला पाणी सोडायचं.

हे पाच नळ लक्षात ठेवावेत. मातीच्या धरणाला सगळ्यात मोठी भीती माथ्यावरून पाणी जाण्याची. दगडी धरणावरून पाणी गेलं तर ते बहुधा तग धरतं. मातीच्या भरावावरून गेलं तर आधी खालच्या उताराची माती धुपते, मग धूप मागे सरकत माथ्यापर्यंत येते आणि एकदा का माथ्याला खाच पडली, की पुढचं पाणीच करतं. म्हणून मातीच्या धरणाला पाणी बाहेर काढायच्या दोन वाटा लागतात. सांडवा आपोआप चालतो, त्यावर माणसाचं काही चालत नाही. तळाचा नळ मात्र माणसाच्या हातातला. गळती दिसली, तडा दिसला, तर नळ उघडून तलाव उतरवता येतो आणि मग दुरुस्ती करता येते. ज्याला असा नळ नाही ते धरण म्हणजे भरलेली बादली. ती रिकामी करायची सोय नाही, सांडेल तेवढंच सांडणार.

धरण पुरं होतंय तोवर पेन्सिल्व्हेनिया रेलरोडने डोंगर ओलांडला. कालव्याचं काम संपलं. 1857 मध्ये राज्याने सगळा मार्ग 75 लाख डॉलरला रेल्वे कंपनीला विकून टाकला, त्यात हे धरणही गेलं. कंपनीला कालव्यात रस नव्हता, धरणात तर नव्हताच. 1862 मध्ये तळाच्या मोरीपाशी भराव बसला आणि भगदाड पडलं. तलावात पाणी थोडं होतं, खाली फारसं नुकसान झालं नाही. म्हणून गाजावाजाही झाला नाही. सतरा वर्षं ते तसंच पडून राहिलं. 1875 मध्ये जॉन रायली नावाच्या खासदाराने ते अडीच हजार डॉलरला घेतलं, आणि विकण्याआधी एक काम केलं: ते पाच नळ काढून भंगारात घातले.

त्याच्याकडून 1879 मध्ये बेंजामिन रफ या कंत्राटदाराने धरण विकत घेतलं, दोन हजार डॉलरला. रफची कल्पना साधी होती. पिट्सबर्गमध्ये पोलादाचे कारखाने, धूर, काजळी आणि अफाट पैसा. शेठ लोकांना उन्हाळ्यात कुठेतरी जायला हवं. डोंगरात तलाव असला तर? साउथ फोर्क फिशिंग अँड हंटिंग क्लब निघाला. सभासद साठच्या आसपास, पण नावं पाहा: अँड्र्यू कार्नेगी, हेन्री क्ले फ्रिक, अँड्र्यू मेलन, फिलँडर नॉक्स. सत्तेचाळीस खोल्यांचं क्लबहाउस झालं, काठावर बंगले झाले, शिडाच्या होड्या आल्या, दोन छोट्या आगबोटीही आल्या. डोंगरमाथ्यावर आगबोट! तलावाला कोनमॉ असं जुनं इंडियन नाव दिलं.

या तलावात मावणारं पाणी आपल्या हिशेबाने जेमतेम अर्धा टीएमसी, म्हणजे खडकवासल्याच्या पावपट. आमच्या खात्यात असलं धरण मोठ्या साहेबांच्या बैठकीत विषयपत्रिकेवर शेवटून दुसरं आलं असतं.

रफने भगदाड बुजवलं ते माती, दगड, झाडांच्या फांद्या, गवताच्या पेंढ्या असं मिळेल ते टाकून. घोड्यांची लीदसुद्धा टाकली म्हणतात. जुना भराव थराथराने दाबलेला आणि त्याच्या पोटात हे ठिगळ. पहिली भर 1879च्या नाताळात पावसाने वाहून गेली. पुन्हा घातली. नळ परत बसवले नाहीत. ते खर्चाचं काम आणि क्लबला त्यांचा उपयोग काय? कालव्याला पाणी सोडायचं नव्हतं. तलाव वर्षभर काठोकाठ दिसायला हवा होता. उलट पाणी खाली गेलं की काठाला चिखल दिसतो, होड्या रुततात. माथा दोन-तीन फुटांनी उतरवला, कारण माथ्यावरून रस्ता जात होता आणि समोरासमोरून आलेल्या दोन घोडागाड्या एकमेकींना ओलांडू शकायला हव्या होत्या. भरावाला उतार असतो, त्यामुळे माथा रुंद करायचा सोपा उपाय म्हणजे तो खाली आणणं. शिवाय ठिगळाची जागा हळूहळू बसत गेली, म्हणजे भरावाच्या मध्यावर, जिथे माथा सगळ्यात उंच हवा, तिथेच तो सगळ्यात खाली.

आता दोन-तीन फुटांनी काय होतं, असं कुणालाही वाटेल. मला विचारलं असतं तर पाटीवर लिहून दाखवलं असतं. सांडव्यातून जाणारं पाणी त्यावरच्या पाण्याच्या उंचीच्या दीड घाताने वाढतं. समजा, सांडव्याच्या तळापासून माथ्यापर्यंत दहा फूट आहेत आणि तुम्ही माथा तीन फूट उतरवलात, तर उंची उरली सत्तर टक्के, पण सांडव्याची ताकद उरते एकोणसाठ टक्के. तीन फूट कापल्याबद्दल पुरातलं एकेचाळीस टक्के पाणी तुम्ही भरावाच्या अंगावर घेतलंत. त्यावर मधला भाग आणखी बसलेला.

आणि मग मासे. 1881च्या उन्हाळ्यात एरी सरोवरातून काळे बास मासे आगगाडीने आणून तलावात सोडले. ते सांडव्यातून खाली गावकऱ्यांच्या गळाला लागू नयेत, म्हणून सांडव्यात लोखंडी जाळ्या उभ्या केल्या. सांडव्यावरच्या पुलाचे खांब आधीच तिथे होते.

इथे मला थांबावं लागतं, कारण ही जाळी मी पाहिलेली आहे.

निवृत्तीनंतर दोनेक वर्षांनी एका ओळखीच्यांच्या शब्दाखातर मुळशीच्या बाजूला एक फार्महाउस बघायला गेलो होतो. मालक पुण्याचे, सज्जन माणूस. ओढा अडवून केलेला सातेक मीटर उंचीचा मातीचा बांध, मागे सुरेख तळं, काठावर लाकडी डेक. त्यांना माथ्यावर कॉंक्रीटचा रस्ता करायचा होता, पाहुण्यांच्या गाड्या पलीकडे जाव्यात म्हणून. मी सवयीने पायथ्याकडे निघालो, तर मालक म्हणाले, "साहेब, तिकडे काही नाही हो, झाडीच आहे." झाडी होतीच. उंबर होता, करंज होता, मुळं भरावात खोल गेलेली. सांडव्यापाशी आलो, तर पूर्ण रुंदीत नायलॉनची जाळी, तारेने खुंट्यांना बांधलेली. "रोहू-कटला सोडलेत," मालक म्हणाले. "पहिल्या वर्षी निम्मे वाहून गेले."

पाझर तलावांवर मासेमारीचे ठेकेदार अशीच जाळी बांधतात. नोकरीत मी कापायला लावलेल्या जाळ्यांची गणती नाही. ठेकेदार हात जोडायचा, मी कापायला लावायचो, आणि पुढच्या पाहणीला जाळी परत जागेवर. इथे मी सरकारी नव्हतो. पावसाळ्यात ओढ्यातून फांद्या येतात, पाला येतो, तो जाळीला लागतो आणि जाळीची भिंत होते, एवढं सांगून चहा पिऊन आलो.

जॉन्सटाउनमध्ये सगळेच आंधळे नव्हते. गावात केंब्रिया आयर्न कंपनीचा मोठा कारखाना. तिचे प्रमुख डॅनियल मॉरेल यांनी 1880 मध्ये जॉन फुल्टन या अभियंत्याला धरण बघायला पाठवलं. फुल्टन यांनी दोन गोष्टी लिहिल्या: पाणी उतरवायला नळ नाही, आणि दुरुस्ती धड झालेली नाही, गळती दिसते. शंभर वर्षांनंतर मीही याच क्रमाने लिहिलं असतं. रफने उत्तर पाठवलं की तुमच्या लोकांना आमच्यामुळे कसलाही धोका नाही. मॉरेल यांनी दुरुस्तीच्या खर्चाचा वाटा उचलायची तयारी दाखवली, तीही नाकारली गेली. मग त्यांनी स्वतःच क्लबचं सभासदत्व घेतलं. आतून नजर ठेवावी असा हेतू असावा. 1885 मध्ये ते गेले, दोन वर्षांनी रफही गेला. ज्यांना हे धरण ठाऊक होतं अशी दोन्ही माणसं संपली.

दर वसंतात पूर आला की गावात कुणीतरी म्हणायचं, आता धरण फुटणार. ते फुटायचं नाही. होता होता तो थट्टेचा विषय झाला.

1889च्या 30 मेच्या रात्री त्या डोंगरात सहा ते आठ इंच पाऊस पडला. ताम्हिणीत जुलैत असला पाऊस पडला तर वर्तमानपत्र आतल्या पानावर छापतं. पण पाऊस किती, यापेक्षा कुठल्या खोऱ्यात आणि कुठल्या सांडव्यावर, हे महत्त्वाचं. सकाळी क्लबचे अध्यक्ष कर्नल अंगर उठले तर तलाव चढलेला. जॉन पार्क नावाचा तरुण अभियंता तिथे होता. क्लबच्या गटाराचं काम चालू होतं, त्यावरचे इटालियन मजूर होते. त्यांना घेऊन माथ्यावर नांगर फिरवून मातीचा बांध घालायचा प्रयत्न झाला. दुसऱ्या टोकाला नवा सांडवा खणायला घेतला, तर तिथली जमीन टणक. सांडव्यातल्या जाळ्यांना ओंडके, फांद्या, काडीकचरा लागून त्या तुंबलेल्या. जाळ्या काढा, असं कुणीतरी म्हणालं. मासे जातील, म्हणून आधी काढल्या नाहीत. मग काढायला गेले, तोवर निघेनात.

ही सकाळ मी मनात कितीदा पाहिली आहे. मजूर कामाला आहेत, अभियंता हुशार आहे, अध्यक्ष चिखलात उभे आहेत आणि हातात करण्यासारखं काहीही नाही. करण्यासारखं जे होतं ते कितीतरी वर्षांपूर्वी भंगारात गेलं होतं.

पार्क घोड्यावर बसून दोन मैलांवरच्या साउथ फोर्क गावात गेला. तिथून तारा गेल्या. जॉन्सटाउनच्या तार ऑफिसात हेटी ओगल नावाच्या बाई होत्या, त्यांनी निरोप पुढे पोचवले. गावाच्या रस्त्यांत आधीच नदीचं पाणी होतं, माणसं सामान वरच्या मजल्यावर नेत होती. धरण फुटणार, हे तर दरवर्षीचंच. हेटी ओगल त्या ऑफिसातच राहिल्या आणि मुलीसह गेल्या.

तीन वाजण्याच्या सुमारास भरावाचा मधला भाग गेला. पाहणाऱ्यांनी सांगितलं की धरण फुटलं नाही, सरकलं. जॉन्सटाउन तिथून साडेचारशे फूट खाली. पाण्याने वाटेत दगडी पूल, इंजिनं, डबे, घरं उचलली. ईस्ट कोनमॉच्या वरच्या अंगाला जॉन हेस या इंजिन ड्रायव्हरने लोंढ्याचा आवाज ऐकून इंजिनाची शिट्टी बांधून ठेवली आणि इंजिन गावाकडे पळवलं. त्या शिट्टीमुळे काहीजण डोंगरावर पोचले. चार वाजून सात मिनिटांनी लोंढा जॉन्सटाउनमध्ये शिरला. वाटेत काटेरी तारांचा कारखाना होता, तो सगळा तारांसह त्यात मिसळला. रेल्वेच्या दगडी पुलाला तो ढिगारा अडकला, माणसं त्यात जिवंत होती, आणि संध्याकाळी त्याने पेट घेतला.

2,209 माणसं गेली. 99 कुटुंबांतलं कुणीही उरलं नाही. ग्रँडव्ह्यू स्मशानभूमीत 777 बेवारस कबरी आहेत, पांढऱ्या संगमरवरी दगडांच्या, नावं नसलेल्या रांगा. तिथे मात्र मुलगी गाडीतून उतरून माझ्याबरोबर आली. पुण्याजवळचं पानशेत धरण फुटलं तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात भिंतीवरची चिखलाची रेघ आजीने कित्येक वर्षं पुसू दिली नाही, एवढं तिला त्या रांगांमधून चालताना सांगितलं.

पुढे खटले झाले. क्लबचं म्हणणं, ही देवाची करणी. सभासद नॉक्स हे स्वतः वकील, त्यांच्याच फर्मने क्लबची बाजू मांडली. हेच नॉक्स पुढे अमेरिकेचे ॲटर्नी जनरल आणि परराष्ट्रमंत्री झाले. क्लबच्या नावावर तलावाखेरीज फारसं काही नव्हतं आणि तलाव तर वाहून गेला होता. कुणालाही कोर्टातून पैसा मिळाला नाही. कार्नेगी यांनी जॉन्सटाउनला नवं ग्रंथालय बांधून दिलं, त्याच इमारतीत आज पुराचं संग्रहालय आहे. तिथे फिरताना मी जरा गप्पच होतो. गंमत अशी की इंग्लंडात एका गिरणीमालकाच्या तलावाचं पाणी शेजारच्या खाणीत शिरलं होतं, त्या खटल्यात 1868 मध्येच हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवलं होतं की धोकादायक गोष्ट स्वतःच्या जमिनीवर साठवणाऱ्याने ती सुटली तर जबाबदारी घ्यावी, चूक असो वा नसो. अमेरिकेतल्या न्यायालयांना तो विचार परका वाटायचा. जॉन्सटाउननंतर तो हळूहळू पचू लागला. आपल्याकडे 1986 मध्ये दिल्लीच्या वायुगळतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय त्याच्याही पुढे गेलं.

अमेरिकेतल्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने चौकशी केली. निष्कर्ष असा की माथा उतरवला नसता तरी पाणी वरून गेलंच असतं. माझ्या व्यवसायातल्या माणसांबद्दल मला आदर आहे, पण हा अहवाल वाचताना तो जरा ताणावा लागला. 2016 मध्ये जॉन्सटाउनमधल्याच विद्यापीठाच्या अभ्यासकांनी लायडारने जागा मोजून हिशेब परत मांडला. मूळ आराखड्याच्या धरणाने क्लबच्या धरणाच्या दुपटीहून अधिक पाणी बाहेर काढलं असतं, असं त्यातून निघालं.

अशी धरणं आजही सर्वत्र आहेत. अमेरिकेच्या सरकारी यादीत नव्वद हजारांहून जास्त धरणं आहेत, निम्म्याहून अधिक खासगी, आणि बांधण्याच्या कारणांत सगळ्यात जास्त वेळा लिहिलेलं कारण म्हणजे करमणूक. 1977च्या नोव्हेंबरात जॉर्जियातल्या टोकोआ इथे एका बायबल कॉलेजचं केली बार्न्स धरण रात्री दीड वाजता फुटलं आणि 39 माणसं गेली. तेही आधी विजेसाठी बांधलेलं आणि 1957 नंतर निव्वळ तळं म्हणून राहिलेलं. खालच्या उतारावर झाडं वाढलेली. चार वर्षांपूर्वी त्याच उताराचा एक भाग घसरलेला, त्याचा फोटोही होता. जॉर्जियाचेच असलेले अध्यक्ष कार्टर यांनी त्यानंतर देशभरातल्या, केंद्र सरकारच्या ताब्यात नसलेल्या धरणांची तपासणी सुरू करायला लावली. आपल्या 2021च्या धरण सुरक्षा कायद्यात पंधरा मीटरवरची सगळी धरणं येतात, दहा ते पंधरामधली काही अटींवर. सात मीटरचा बांध कुणाच्याच वहीत नाही. तिथे खेकड्यांनी बिळं केली काय, घुशींनी केली काय, बघणारा एकच, तोही पगारी रखवालदार.

अमेरिकेतून आल्यावर जूनमध्ये त्या मुळशीच्या मालकांना फोन केला. म्हणाले, रस्ता रद्द केलाय, तुमचं ऐकलं. जाळीचं विचारलं तर हसले, "साहेब, तेवढी राहू द्या."

ऑगस्टात त्या बाजूला काम निघालं, म्हणून न सांगता गेलो. मालक नव्हते. रात्री धो धो पाऊस झालेला, तळं तुडुंब, सांडवा पूर्ण रुंदीने वाहत होता. जाळी होती, पण वर गुंडाळून खुंट्यांना अडकवलेली. रखवालदार कुंपणापाशी विळा धुवत होता. मी जाळीकडे बोट केलं.

"मालक झोपलं की मी वर गुंडाळतो," तो म्हणाला. "आन् ते यायच्या आत खाली सोडतो. माझं घर त्या खालच्या वळणाला हाय न्हवं का."

"आणि मासे?"

"जात्यात थोडं. इचारलं तर सांगतो, बगळं खात्यात."